काकासाहेबाची चौकशी

काकासाहेबाचं वय सत्तावीस. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नाव ऐकून माणसं फसतात. आपल्या मराठवाड्यात पाळण्यातल्या पोराचं नाव साहेबराव, तात्यासाहेब, काकासाहेब असं ठेवून मोकळं होतात. पोरगं पुढं साहेब झालं नाही तरी नावात तरी साहेब असू दे, एवढाच विचार. पण हा बिचारा लागला एका सॉफ्टवेअर कंपनीत, एचआरमध्ये. दिवसभर पुण्या-नाशकाच्या पोरांना फोन करायचे, नोकरी हवी का विचारायचं. "काकासाहेब बोलतोय," म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "नमस्कार काका, तब्येत काय म्हणते?" सुरुवातीला तो खुलासा करायचा. मग सोडून दिलं. पुढं पुढं तर फोनवर एखादवेळी खोकूनही घ्यायचा.

कंपनी तात्यासाहेबांची. बायपासच्या पलीकडं त्यांची मोसंबीची बाग होती. मागच्या मोठ्या दुष्काळात त्यांनी टँकर घालघालून झाडं जगवली, पण जळायची ती जळालीच. तोवर शहर सरकत सरकत बांधापर्यंत आलं होतं. तात्यासाहेबांनी प्लॉट पाडले, उरलेल्या तुकड्यावर तीन मजले चढवले आणि कुणीतरी कानात सांगितलं म्हणून आत कॉम्प्युटर मांडले. तरी बोलण्यातून बाग काही गेली नाही. कंपनीतली माणसं कामावर निघाली की अजूनही "बागेत चाललो" म्हणायची. मुलाखतीची काचेची खोली नेमकी जुन्या विहिरीच्या जागी आली होती, म्हणून तिचं नाव विहीर. "आज विहिरीत कोण?" असं विचारलं की समजायचं, कुणाची तरी मुलाखत चाललीय.

तात्यासाहेब माणसं नेमत नसत, धरत. पाडव्याला सालगडी धरावा तशी. पोरगं समोर आलं की पहिला प्रश्न, "कुणाचा रे तू?" दुसरा, "गाव?" तिसरा, "तिथले साहेबराव पाटील तुझे कोण?" तिसऱ्याचं उत्तर नीट आलं की चहा. कॉम्प्युटर येतो का, हे कुणीतरी नंतर विचारायचं, बहुधा पोरगं कामाला लागल्यावर. खुद्द काकासाहेबाची मुलाखत तर याहून आखूड. त्याचा बाप धोंडिबा मेंढरं घेऊन दरसाल तात्यासाहेबांच्या रानात उतरायचा, लेंडीखतासाठी कळप बसवायचा. "कुणाचा तू?" "धोंडिबाचा." "मग बस की खाली." संपलं. गडी बी.ए. होता, एमएससीआयटीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं, ते कुणी मागितलंच नाही.

अशी धरलेली पोरं वागायचीही सालगड्यासारखीच. साल भरलं, काम अंगात मुरलं, की निघाली हिंजवडीला. शिवाय निघताना पेढे वाटायची, ते तात्यासाहेबांना फार झोंबायचं. "आपल्याच रानात तयार झालेला बैल आपल्यालाच पेढे चारतोय," म्हणायचे, आणि पेढा खायचे.

एका दिवाळीत तिघं एकदम गेले आणि घोटाळा झाला. कंपनीचं एकच ॲप चालायचं, 'आलं का पाणी'. सिडकोपासून पैठण रोडपर्यंत नव्या इमारती उठल्या होत्या. त्यांना लिफ्ट होती, जिम होती, गेटवर गणपती होता, पाणी तेवढं नव्हतं. मोबाईलवर बोट दाबून टँकर मागवायची सोय या ॲपनं केली होती. ते सांभाळणारी पोरं गेली, आणि एका सोसायटीच्या दारात दोन टँकर भांडत उभे राहिले. शेजारच्या सोसायटीतल्या बायका बादल्या घेऊन थेट तात्यासाहेबांच्या घरी. तात्यासाहेबांचा मुलगा प्लॉटिंगच्या धंद्यात रमलेला, तो मागच्या दारानं सटकला. बायकांसमोर उभी राहिली सून, सोनिया. पुण्यात मोठ्या कंपनीत काम करून आलेली. तिनं बायकांना चहा पाजला, घरातल्या टाकीतलं पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत येऊन बसली ती उठलीच नाही.

घरी ती वैनी, बागेत ती मॅडम. काकासाहेबाची पहिल्याच दिवशी यात गल्लत झाली. "वैनी मॅडम" म्हणून तो उभा राहिला.

"काकासाहेब, माणसं घ्यायची आपली पद्धत बदलायचीय," सोनिया म्हणाली. "'कुणाचा तू' बंद. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. उत्तर आलं की तिथल्या तिथं गुण मांडायचे, दुसऱ्या दिवशी चेहरा आठवून नाही. गप्पा कमी, काम करून दाखवायला सांगायचं. आणि लग्नाचं विचारायचं नाही."

"म्हणजे, झालंय का, तेवढंच."

"तेवढंही नाही. मुलांना विचारता का?"

"मुलांना तात्यासाहेब विचारतात. त्यांच्याकडं स्थळं असतात."

सोनियानं कपाळाला हात लावला. काकासाहेबानं मान हलवली. त्याची एक खोड होती: समजलं नाही की तो मान जास्त जोरात हलवायचा. त्या दिवशी त्याची मान थांबायचं नाव घेईना.

"आणि एक," सोनिया उठता उठता म्हणाली, "या वेळी जे माणूस घ्याल ते टिकलं पाहिजे. हेही गेलं तर तुमच्या खुर्चीचा विचार करावा लागेल मला."

हे मात्र बरोबर समजलं. ती खुर्ची चाकांची होती आणि काकासाहेबाच्या घराण्यात चाकाच्या खुर्चीवर बसलेला तो पहिलाच. मागं फिरावं म्हटलं तर मागं काही उरलंच नव्हतं. चारा नाही म्हणून धोंडिबानं गेल्या उन्हाळ्यात कळप विकून टाकला होता. मेंढरं नाहीत, खुर्चीही गेली तर काय, हा विचार मनात आला की तो उगाच खुर्चीची चाकं पुढंमागं करून बघायचा.

जागा होती चुका शोधणाऱ्याची. ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी ते वाकडंतिकडं वापरून कुठं मोडतं ते बघायचं. सोनियानं आल्यागेल्याला एकच काम दिलं: हे आपलं ॲप, यातली चूक शोधा, आणि तीन वाक्यांत सांगा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बस्स.

बरीच पोरं आली. कुणी म्हणालं रंग छान आहे. कुणी म्हणालं तात्यासाहेबांचा फोटो जरा मोठा हवा होता. तो पोरगा तात्यासाहेबांना फार आवडला, पण आता गुण सोनिया देत होती. मग आली रत्नमाला. कन्नड तालुक्यातल्या उंबरझिरीची, बी.एस्सी. झालेली, कन्नडच्या एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवणारी. विहिरीत बसली, मोबाईल हातात घेतला, ओठ आवळून बोटं चालवली. "काय केलं: कालच्या तारखेचा टँकर मागवला. काय व्हायला हवं होतं: नाही म्हणायला हवं होतं. काय झालं: टँकर निघालाय म्हणून निरोप आला."

सोनिया हसली. तिनं सांगितले ते गुण काकासाहेबानं मांडले. सगळ्यांत जास्त तिचेच झाले. आता फक्त एक बाकी होतं. रत्नमालानं तिचं काम बघितलेल्या दोघांचे फोन नंबर दिले होते, कॉलेजातले सर आणि क्लासचे मालक. त्यांना विचारून घ्यायचं. पुण्यात याला सोनिया रेफरन्स म्हणायची. पण बागेत मराठीच बोलायचं हा तात्यासाहेबांचा दंडक, म्हणून ती जाता जाता म्हणाली, "काकासाहेब, रत्नमालाची तेवढी चौकशी करून घ्या."

चौकशी! एवढ्या सगळ्या नव्या गोष्टींत पहिल्यांदाच ओळखीचा शब्द आला. सरांना फोन केला तर लागेना, क्लासवाल्यानं उचलला नाही, आणि काकासाहेबाला त्याचं काही वाटलंही नाही. चौकशी का फोनवर होते? चौकशीला जावं लागतं. पारावर बसावं लागतं, चार माणसं चाचपावी लागतात. शिवाय त्याला जे खरं हवं होतं, ही टिकेल का, ते विहिरीत विचारायची चोरी झाली होती. त्याच्या हिशेबानं पोरगी टिकायचा प्रश्न आणि लग्नाचा प्रश्न हा एकच प्रश्न होता. आणि मॅडमनी तिला विचारायला बंदी केली होती; गावाला विचारायला कुठं केली होती?

त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले आणि एसटी धरली. पाटीवर औरंगाबाद-कन्नड आणि कंडक्टरच्या तोंडी संभाजीनगर, असे ते दिवस. कन्नडला उतरून काळीपिवळी जीप. ड्रायव्हरनं त्याला दोन पोत्यांच्या मधी बसवलं. "कायकू टेन्शन लेते, बूट खराब नहीं होते," म्हणाला, आणि बुटांवरच पेंडेचं पोतं ठेवलं.

उंबरझिरीच्या नावात झिरा होता, गावात थेंब नव्हता. टँकर यायचा. फाट्यावर फकिराची पानटपरी, तिथं काकासाहेब उतरला.

"कुठून आलात पाव्हणं?" फकिरानं विचारलं.

"शहरातून. रत्नमाला आप्पा शेंडगे, त्यांची चौकशी करायची होती."

फकिरानं त्याला बुटापासून भांगापर्यंत बघितलं. "नाव काय म्हनलात?"

"काकासाहेब. गंगापूरकडचा. धोंडिबाचा."

"आरं मंजी आपल्यातलेच की! मेंढरं कुठं असतेत?"

"विकली. मी आता सॉफ्टवेअरला आहे."

"सॉफ्टवेअर!" फकिरानं बाकडं पुसलं. "एकलेच आलात? कुणी मोठं माणूस?"

"मॅडम आहेत मोठ्या. त्या नंतर बोलतील. आधी मी बघून जातो."

"बराबर हाय. आजकाल पोरगा आधी बघून जातो, मंग मोठी येतेत. इचारा काय इचारायचं ते."

काकासाहेबाला फार बरं वाटलं. शहरात एवढ्या सरळपणे कुणी बोलत नाही. "माणूस म्हणून कशा आहेत त्या?"

"लई गुणी. मान वर करून बघायची नाय."

"कॉम्प्युटरकडं तरी बघतात ना?"

फकिराला हा विनोद फार आवडला. "टिकतील का, तेवढं सांगा," काकासाहेब म्हणाला.

"टिकनार नाय तर काय? त्या घरची बाई कधी माघारी आली नाय. आत्या बघा, चुलत आत्या बघा. जिथं गेल्या तिथल्या झाल्या."

काकासाहेबानं मनात पूर्ण गुण दिले. तोवर फकिराच्या एका हाळीसरशी बातमी आप्पाच्या घरी पोचलीसुद्धा.

आप्पा शेंडगे, रत्नमालाचा बाप, उंच, वाळका, डोक्याला लाल मुंडासं. थोडी मेंढरं त्यानं अजून हट्टानं राखली होती. त्यानं खाटेवर धुतलेली वाकळ टाकली. रत्नमालाची आई राजाबाई हिनं पाण्याचा लोटा दिला, अर्धा भरलेला. त्या साली उंबरझिरीत अर्धा लोटा म्हणजे मोठाच मान होता. आत स्टो भरभरायला लागला. कुणीतरी बाई पदराखाली काहीतरी झाकून मागच्या दारानं आली आणि गेली. काकासाहेबाला कळेना, सरांना साधा फोन लागत नाही, आणि इथं एवढं अगत्य कशाला? पण ज्या घरची माणसं अशी, त्या घरचं माणूस टिकणारच, असं धरून तो पोह्यांच्या बशीला लागला.

"तुमच्या काही अपेक्षा?" त्यानं पगाराच्या अंगानं विचारलं.

"आमच्या कसल्या अपेक्षा?" आप्पा अदबीनं म्हणाला. "तुमच्या सांगा."

"आमची एवढीच, की आलं ते माणूस टिकावं."

"व्हय, बराबर."

"त्या आधी कुठं होत्या का?"

"आधी?"

"म्हणजे आधी कुठं गेल्या होत्या, थोडे दिवस राहिल्या, मग पटलं नाही म्हणून सोडलं, असं काही?"

आप्पाची विडी हातातच राहिली. आतल्या बांगड्या थांबल्या. "तसलं काय नाय आमच्यात," आप्पा जड आवाजात म्हणाला.

"असलं तरी हरकत नाही. उलट आम्हाला थोडा अनुभव असलेलं बरं वाटतं."

आता खरं तर इथं थांबायला हवं होतं. समोरच्या माणसाचा रंग बदलतोय हे काकासाहेबाला दिसत होतं, पण का ते कळत नव्हतं, आणि कळत नसलं की त्याची मान हलायची. मान हलवत हलवत त्यानं शेवटचा मुद्दा काढला, जो मॅडमनी खास बजावून सांगायला सांगितला होता.

"तर आप्पा, सुरुवातीला सहा महिने. सहा महिने आमच्याकडं राहतील, आम्ही बघू. पटलं तर कायम करू. नाही पटलं तर तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. तसं आम्ही लिहूनच देतो."

आप्पा उठला. भिंतीला टेकवलेली मेंढरांची काठी त्यानं हातात घेतली. "उचल गं ती बशी," तो आत बघून म्हणाला. राजाबाई बाहेर आली आणि काकासाहेबाच्या हातातली बशी, तोंडाकडं निघालेल्या चमच्यासकट, काढून घेऊन आत गेली.

"सहा महिने? सहा महिने बघनार?" आप्पाचा आवाज चढला. "आरं, भाकड मेंढी घेतानाबी असं कुनी बोलत नाय!"

नेमकी त्याच वेळी रत्नमाला टँकरवरून आली, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. दारात खिळली. "सर? तुम्ही इथं?"

"वळखीचा हाय व्हय हा?" आप्पानं काठी दुसऱ्या हातात घेतली. आता तर पार चिखल झाला.

रत्नमालानं आधी हंडा उतरवला. थेंब सांडू दिला नाही. मग पदर खोचला आणि काकासाहेबासमोर उभी राहिली. "तुम्ही मागणी घालायला आलात?"

"मी?" काकासाहेब खाटेवरून ताडकन उठला. "मागणी? कुणाला?"

"मग वाकळ कशाला टाकलीय? पोहे कशाला झालेत?"

पोहे कशाला झाले हे काकासाहेबाच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरलं. फकिरा, बाकडं, माघारी न आलेल्या आत्या, सगळं एकदम शिरलं, आणि सगळ्यांत शेवटी ते सहा महिने. "मी चौकशीला आलो," तो पुटपुटला. "मॅडम म्हणाल्या चौकशी करा."

"मी फोन नंबर दिले होते. माझ्याबरोबरची मुलं आली होती मुलाखतीला, त्यांच्या घरी गेलात?"

"नाही."

"मग माझ्याच का?"

"तुम्ही टिकाल का ते बघायचं होतं."

"मला विचारायचं होतं."

"लग्नाचं विचारायला बंदी आहे."

"लग्नाचं विचारायला बंदी आहे. टिकणार का, हे विचारायला कुणाची बंदी होती?"

काकासाहेबाच्या डोक्यात जो एकच प्रश्न होता त्याचे ह्या पोरीनं उभ्या उभ्या दोन तुकडे केले होते, आणि कोणता तुकडा कुठं ठेवावा ते त्याला उमजेना. मान मात्र हलत होती.

"चूक सांगायची पद्धत तुम्हीच शिकवलीत," रत्नमाला म्हणाली. "काय केलं: चौकशी. काय व्हायला हवं होतं: दोन फोन. काय झालं: पोहे."

"थांब गं," आप्पा मधी पडला. "मंजी हे नोकरीचं हाय?"

"व्हय आप्पा."

"सहा महिने मंजी नोकरीत सहा महिने?"

"व्हय."

आप्पानं काठी भिंतीला टेकवली. मग आतून राजाबाईचं हसू आलं, पदर तोंडात धरल्याचं. मागच्या दारानं गेलेली ती शेजारीण भिंतीपलीकडं हसली. बशी परत बाहेर आली. "खावा आता," आप्पा म्हणाला. "शेंगदाने उसने आनलेत तुमच्यापायी." काकासाहेबानं ते गार पोहे खाली मान घालून संपवले. रत्नमाला काही हसली नाही. ती कळशी उचलून आत गेली.

आप्पा त्याला फाट्यापर्यंत पोचवायला आला. फकिरानं लांबूनच विचारलं, "जमलं का?" त्यावर आप्पानं त्याला जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जीप यायच्या आधी आप्पा एवढंच म्हणाला, "पाव्हणं, तुम्हाला कळत नाय तवा तुम्ही मान लई हलवता." काकासाहेबानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी विहिरीत सोनिया वाट बघत होती. रत्नमालाचा फोन आदल्या संध्याकाळीच आला होता.

"मी रेफरन्स घ्यायला सांगितलं होतं," सोनिया म्हणाली.

"मॅडम, तुम्ही चौकशी म्हणालात."

सोनिया म्हणाली होती खरी. रागानं तिनं पेनचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. "ती म्हणतेय, यायची इच्छा आहे. पण इथं मुलींच्या घरी माणूस जात असेल तर येणार नाही. मी शब्द दिलाय, कुणाच्याच घरी जाणार नाही. ती येईल." मग तिनं काकासाहेबाकडं बघितलं. "आता राहिला प्रश्न तुमच्या खुर्चीचा."

"माणूस तर टिकतंय ना, मॅडम? मग खुर्ची?"

"माणूस टिकतंय ते तुमच्यामुळं नाही, तुम्ही गेला होतात तरीसुद्धा. आणि तुमची स्वतःची मुलाखत कधी झालीच नाही. ती जागा मोकळी धरू या. तुम्हीही अर्ज करा. नियम सगळ्यांना तेच."

तात्यासाहेबांनी हे ऐकलं तेव्हा ते दारात येऊन ओरडले, "अगं सूनबाई, धोंडिबाचा हाय की तो!"

"पप्पा, तो प्रश्न आता नाहीये," सोनिया म्हणाली.

आणि एका सोमवारी, ज्या विहिरीत त्यानं इतरांना उतरवलं तिच्यात काकासाहेब स्वतः उतरला. तोच इस्त्रीचा शर्ट. टेबलापलीकडं सोनिया, आणि तिच्या बाजूला, काम शिकून घ्यायला म्हणून, नुकतीच रुजू झालेली रत्नमाला. काचेबाहेर तात्यासाहेब येरझाऱ्या घालत होते, मधूनच काचेला नाक लावत होते.

"तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा," सोनिया म्हणाली. "तीन वाक्यांत."

काकासाहेब सरळ बसला. "काय केलं: उंबरझिरीला गेलो." तो थांबला. "काय व्हायला हवं होतं..." पुन्हा थांबला. या वेळी मान हलली नाही. "मॅडम, काय व्हायला हवं होतं ते मला कळलंच नव्हतं. आणि कळलं नाही असं मी बोललो नाही."

"तिसरं वाक्य?"

"पोहे."

रत्नमालानं तोंड भिंतीकडं वळवलं. सोनियानं गुण मांडले, पण किती ते टेबलापलीकडून दिसेना. "आता तुमचं काम बघितलेली दोन माणसं सांगा. तात्यासाहेब सोडून एक तरी."

आता आली का पंचाईत! आयुष्यात काम केलं ते तात्यासाहेबांकडं. त्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अगदी समोर बसून, बघितलेला माणूस बाहेरच्या जगात एकच होता. "आप्पा शेंडगे," तो म्हणाला.

रत्नमालाची मान गर्रकन फिरली. स्वतःच्या बापाला तिनं फोन करायचा नाही, हे सोनियानं लगेच ठरवलं, आणि स्वतःच नंबर लावून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"नमस्कार, मी सोनिया बोलतेय, शहरातून. काकासाहेबांची चौकशी करायची होती."

जुन्या सवयीनं पुन्हा तोच शब्द आला होता. तिच्या लक्षात आलं, पण तोवर पलीकडून आप्पा अदबीनं खाकरला होता.

"त्याची व्हय? बोला की ताई. मुलीकडच्या का तुम्ही?"

"नाही, म्हणजे मी..."

"आसू द्या, आसू द्या. सांगतो ना. पोरगा बरा हाय. जरा येडपट हाय, पर मनात खोट नाय. काठी उगारली तरी पळाला नाय, खाटंपाशी उभा ऱ्हायला. दिलं ते खातो, गार आसलं तरी. एकच हाय, कळलं नाय की मान हलवतो. त्याला दोनदा इचारा, कळलं का म्हनून, मंग खरं सांगतो."

सोनियाचं पेन कागदावरच थांबलं. "टिकतील का?" तिनं विचारलं.

"टिकनार नाय तर जाईल कुठं? मेंढरं बी इकली त्यांनी. ताई, मुलगी काय शिकलीय तुमची?"

रत्नमालानं हात पुढं करून फोन बंद केला.

काचेबाहेर तात्यासाहेबांचं नाक चपटं होऊन बसलं होतं. काकासाहेब एका हातानं दुसऱ्या हाताचं बोट धरून बसला होता. आपण पास झालो की नापास, आपली नोकरी ठरली की लग्न, त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं.

"ठीक आहे," सोनिया म्हणाली. "खुर्ची तुमच्याकडं राहील. पण आता नियमानं. सहा महिने बघू. पटलं तर कायम करू. नाही पटलं तर तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. तसं लिहून देते. कळलं का?"

काकासाहेबाची मान हलायला निघाली, आणि मधेच थांबली.

"कळलं का?" या वेळी रत्नमालानं विचारलं.

"कळलं," काकासाहेब म्हणाला, आणि उठून उभा राहिला. "घरी विचारून सांगतो."